सैल न पडणारा स्नायू: मेलबर्नमधलं १९६० चं एक प्रकरण

१९६० साली रॉयल मेलबर्न हॉस्पिटलमध्ये एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी पाय मोडून दाखल झाला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, त्यामुळे शस्त्रक्रिया टाळण्यासारखी नव्हती. पण त्याला पायापेक्षा भुलेचीच धास्ती जास्त होती. त्याच्या नात्यातली दहा माणसं ईथरची भूल दिल्यानंतर दगावली होती. घाबरलेल्या रुग्णाची समजूत काढून पुढे जाणं अशा वेळी फार सोपं असतं. तिथल्या डॉक्टरांनी तसं केलं नाही. त्यांनी त्याचं म्हणणं खरं मानलं, ईथर टाळलं आणि हॅलोथेन हे तेव्हा नवं असलेलं औषध वापरलं. या प्रकरणाचं पहिलं मोल मला त्या ऐकून घेण्यातच वाटतं.

पहिली दहाएक मिनिटं बरी गेली. मग रक्तदाब घसरू लागला, नाडी धावू लागली, अंग निळसर पडलं आणि त्वचा हाताला गरम नि घामानं ओली लागू लागली. डॉक्टर सावध होतेच. त्यांनी हॅलोथेन बंद केलं, शस्त्रक्रिया आटोपती घेतली, अंगाभोवती बर्फ रचला. तरुण वाचला. मायकेल डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं पत्र लिहून ही हकिकत मांडली. १९६२ मध्ये या कुटुंबाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. हा दोष आनुवंशिक आहे आणि आई किंवा वडील, कुणा एकाकडून आला तरी पुरेसा आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. आज या अवस्थेला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात.

आता यातलं कोडं पाहा. भूल दिलेल्या माणसाचं अंग एरवी थंड पडत जातं. तो हालत नाही, थरथरत नाही, तापमान सांभाळणारी मेंदूतली यंत्रणाही मंदावलेली असते. मग टेबलावर निपचित पडलेल्या माणसाच्या शरीरात एवढी उष्णता आली कुठून? ती आली हाडांना जोडलेल्या स्नायूंमधून. शरीराच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग असलेली ही पेशींची फौज बाहेरून स्वस्थ दिसत होती आणि आतून पूर्ण जोर लावून राबत होती. स्नायू आकुंचन कसा पावतो हे सगळीकडे शिकवलं जातं. तो सैल कसा पडतो आणि त्याला त्यासाठी काय खर्च येतो, याकडे कमी लक्ष जातं. हे प्रकरण त्याच दुसऱ्या बाजूचं आहे.

ओढ तयार होते ती अशी

स्नायूची एक पेशी म्हणजे एक लांबलचक तंतू. त्यात सार्कोमिअर नावाची एककं एकापुढे एक जोडलेली असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या तंतूत ती चाळीस हजार बसतात. प्रत्येक एकक पाव मायक्रोमीटरनं आखूड झालं की तंतू एक सेंटिमीटरनं आखडतो. एकेका रेणूची हालचाल नगण्य असते, पण ओळीत उभ्या असलेल्या हजारो एककांची मिळून ती डोळ्यांना दिसते.

सार्कोमिअरमध्ये दोन प्रकारचे धागे असतात, मायोसिनचे जाड आणि अ‍ॅक्टिनचे बारीक. १९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (हे दोन हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते.) दोन्हींचा निष्कर्ष एकच होता: आकुंचनात धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. मेलबर्नमधला तो तरुण टेबलावर पडला तेव्हा ही कल्पना जेमतेम सहा वर्षांची होती. त्याच्या डॉक्टरांपाशी बर्फ होता आणि सावध नजर होती. कारण सांगू शकेल असं रेणूंचं शास्त्र मात्र तेव्हा आकार घेत होतं.

सरकवण्याचं काम मायोसिनची डोकी करतात. एका जाड धाग्यात मायोसिनचे सुमारे तीनशे रेणू असतात आणि प्रत्येकाला दोन डोकी. एक डोकं घेऊन त्याच्याबरोबर चक्रभर फिरून येऊ. डोक्यानं एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू फोडलेला आहे, फुटून झालेले एडीपी आणि फॉस्फेट हे दोन्ही तुकडे अजून पोटात धरलेले आहेत, आणि सुटलेली ऊर्जा ताणलेल्या आकाराच्या रूपात साठलेली आहे. समोरच्या अ‍ॅक्टिनवरची जागा मोकळी मिळाली की डोकं तिला चिकटतं. फॉस्फेट निसटतो. डोकं वळतं आणि अ‍ॅक्टिनचा धागा पाच ते दहा नॅनोमीटर पुढे ओढला जातो. मग एडीपीही बाहेर पडतो. या क्षणी डोकं रिकामं असतं, आणि नेमकं याच क्षणी ते अ‍ॅक्टिनला सर्वांत घट्ट चिकटलेलं असतं. नवा एटीपी येऊन बसला की पकड ढिली होते, डोकं सुटतं, एटीपी फोडून पुन्हा ताणलं जातं. रस्सीखेचीत एका बाजूचे गडी आळीपाळीनं हात पुढे टाकत दोर ओढतात तसंच हे चालतं. काही डोकी सुटत असतात तेव्हा बाकीच्यांनी धागा धरून ठेवलेला असतो, म्हणून तो मागे घसरत नाही.

या चक्रातली सोडण्याची पायरी लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे, कारण पुढचं सगळं तिच्याशी येऊन भिडतं. एटीपी ओढण्यासाठी लागतो हे खरं, पण पकड सोडवायलाही तोच लागतो. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरतं ते यामुळेच: एटीपी संपतो आणि डोकी जिथल्या तिथे चिकटून राहतात.

पण मग जिवंत, विसावलेल्या स्नायूत एटीपी भरपूर असताना ही डोकी सतत ओढत का नाहीत? कारण अ‍ॅक्टिनवरच्या जागा झाकलेल्या असतात. ट्रोपोमायोसिन हा लांब, बारीक रेणू अ‍ॅक्टिनच्या सात-सात घटकांवरून लांबीनं पसरलेला असतो आणि त्याला ट्रोपोनिन हे प्रथिन जागेवर धरून ठेवतं. ट्रोपोनिनला कॅल्शियम चिकटलं की त्याचा आकार बदलतो, ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतो आणि जागा उघड्या पडतात. कॅल्शियम हीच स्नायूची कळ आहे, हे जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी साठच्या दशकात पक्कं केलं आणि ट्रोपोनिनचा शोधही त्यांच्याच प्रयोगशाळेतला.

म्हणून स्नायूची पेशी कॅल्शियमच्या बाबतीत कमालीची काटेकोर असते. विसाव्याच्या वेळी पेशीरसात ते बाहेरच्या द्रवाच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. साठा असतो तो पेशीतच, पण वेगळ्या पडद्याआड, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या जाळीदार पिशव्यांमध्ये. मज्जातंतूचा संदेश आला की विजेची लाट पेशीच्या पृष्ठभागावरून आत गेलेल्या नळ्यांमधून खोलवर उतरते. नळीच्या भिंतीतलं एक प्रथिन विजेतला बदल ओळखून हलतं. पिशवीच्या भिंतीत, अगदी समोर, रायनोडिन रिसेप्टर नावाची वाहिनी असते, आणि ते प्रथिन तिला थेट ढकलून उघडतं. वाहिनी उघडली की कॅल्शियम बाहेर पडतं आणि ओढ सुरू होते. संदेश थांबला की वाहिनी मिटते, आणि पिशवीच्या भिंतीतले पंप सांडलेलं कॅल्शियम वेचून परत आत भरतात. कॅल्शियमचे दोन आयन आत घेण्यासाठी एक एटीपी खर्ची पडतो. म्हणजे सैल पडायलाही पैसे मोजावेच लागतात, एकदा मायोसिनची पकड सोडवताना आणि पुन्हा कॅल्शियम उचलताना.

दोष कुठल्या पायरीवर?

एवढी लांब साखळी असताना बिघाड नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं? मला या प्रकरणाचा सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच वाटतो, कारण उत्तराचा मोठा हिस्सा रुग्णांच्या खाटेपाशीच मिळत गेला.

सुरुवात मज्जातंतूपासून करू. मेलबर्ननंतर असे अनेक रुग्ण नोंदवले गेले. त्यातल्या पुष्कळांचे स्नायू भूल दिल्यावर कडक होत. कधी जबडा इतका आवळला जाई की तोंडातून नळी घालता येत नसे. (प्रत्येकात कडकपणा ठळक दिसतोच असं नाही.) अशा वेळी मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला संदेश अडवणारी औषधं, म्हणजे क्युरारेच्या जातीची, देऊनही स्नायू सैल पडत नाहीत. याचा अर्थ उघड आहे. संदेश येतच नाहीये आणि तरी ओढ चालू आहे. बिघाड संदेश पोहोचण्याच्या जागेपलीकडे, पेशीच्या आत आहे.

मग धाग्यांमध्येच खोट असेल का? तसं असतं तर ही माणसं रोजच्या जगण्यात आजारी दिसली असती. त्यातली बहुतेक धडधाकट असतात, काही तर उत्तम खेळाडू असतात. मायोसिन आणि अ‍ॅक्टिन सांगितलेलं काम चोख करत असतात. त्यांना चुकीच्या वेळी काम सांगितलं जातं, एवढंच.

उरतो तो कॅल्शियमचा साठा. १९७० मध्ये टोरंटोच्या वर्नर कालो आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या स्नायूचा तुकडा काढून त्यावर कॅफीन घातलं. कॅफीन पिशवीतून कॅल्शियम सोडवतं. निरोगी स्नायूला त्याची बरीच मात्रा लागते, या रुग्णांचा स्नायू थोडक्यातच आखडला. हॅलोथेननंही तेच झालं. साठ्यातून कॅल्शियम बाहेर सोडणारी वाहिनी वाजवीपेक्षा सहज उघडते, असा रोख त्यातून स्पष्ट झाला.

पुढचा पुरावा आला तो डुकरांकडून. काही जातींची डुकरं वाहतुकीच्या किंवा मारामारीच्या ताणानंच तापून, ताठरून मरत, आणि त्यांचं मांस फिकट, लिबलिबीत, पाणचट निघे. हॅलोथेन दिलं की त्यांच्यात हुबेहूब तोच प्रकार घडे. १९९० मध्ये माणसांतल्या दोषाचा धागा १९ व्या गुणसूत्रावरच्या रायनोडिन रिसेप्टरच्या जनुकापर्यंत पोहोचला. १९९१ मध्ये डुकरांतला नेमका बदल सापडला: पाच हजारांहून जास्त अमिनो आम्लांच्या साखळीत ६१५ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन. अशा चार साखळ्या मिळून एक वाहिनी बनते. ती आयन वाहून नेणाऱ्या ज्ञात वाहिन्यांमध्ये सर्वांत मोठी आहे. एवढ्या अवाढव्य रचनेत एकच अमिनो आम्ल बदलतं आणि वाहिनी नीट मिटेनाशी होते. माणसांतही याच जागेशी जुळणारा बदल काही कुटुंबांत सापडला. त्यानंतर या जनुकातले शेकडो बदल नोंदले गेले आहेत, मात्र त्यातला प्रत्येक आजाराला कारण ठरतोच असं नाही.

उष्णता, आम्ल, पोटॅशियम

आता मेलबर्नच्या टेबलाकडे रेणूंच्या नजरेनं पाहू. हॅलोथेन श्वासातून रक्तात आणि रक्तातून स्नायूत पोहोचतं. सदोष वाहिन्या उघडतात आणि उघड्याच राहतात. पेशीरसातलं कॅल्शियम वाढतं, ट्रोपोनिन कळ दाबतं, मायोसिनची डोकी एटीपीमागून एटीपी फोडू लागतात. पंप ते कॅल्शियम परत भरायला धावतात, त्यांचाही एटीपी जळतो. पण आत भरलेलं कॅल्शियम उघड्या वाहिनीतून पुन्हा बाहेर येतं. हे भरणं नि गळणं चक्राकार चालू राहतं. त्यातून बाहेर काही काम होत नाही, जी ऊर्जा जळते ती सगळी उष्णता होते.

स्नायूतला तयार एटीपी जोराच्या कामात काही सेकंदच पुरतो, म्हणून तो सतत नव्यानं बनवावा लागतो. त्यासाठी ऑक्सिजनचा खप आणि कार्बन डायऑक्साइडची निर्मिती कित्येक पटींनी वाढते. आज भूलतज्ज्ञाला पहिली सूचना बहुधा इथूनच मिळते: उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो, यंत्रानं दिला जाणारा श्वास वाढवला तरी उतरत नाही. यंत्रातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमचा डबा हाताला चटका बसेल इतका तापू शकतो, कारण ते शोषण्याच्या रासायनिक क्रियेतही उष्णता बाहेर पडते. अंगाचं तापमान त्या मानानं उशिरा वाढतं, पण वाढू लागलं की दर पाच मिनिटांना एक अंशापर्यंतही चढू शकतं.

वाढलेलं कॅल्शियम ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, फोडणाऱ्या विकरांनाही जागं करतं. एरवी ही सोय उत्तम आहे, कारण ज्या कळीनं काम सुरू होतं तीच इंधनही सोडते. इथे मात्र तिच्यामुळे लॅक्टिक आम्ल साठत जातं आणि रक्त आम्लधर्मी होतं. शेवटी एटीपी बनण्याचा वेग खर्चाला पुरा पडत नाही. मग पंप थकतात आणि डोक्यांना सोडवणारा एटीपी उरत नाही, म्हणजे मृत्यूनंतरच्या ताठरपणाशी जुळणारी स्थिती जिवंत माणसात उभी राहते. पेशींची आवरणं फुटू लागतात. त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात आलं की हृदयाचा ठोका चुकतो, आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं लालसर प्रथिन आलं की लघवी गडद तपकिरी होते व मूत्रपिंडं संकटात येतात. हृदयाच्या स्नायूत रायनोडिन रिसेप्टरचा दुसरा प्रकार असतो, त्यामुळे मूळ दोष हृदयात नसतो. तरी माणूस दगावतो तो बऱ्याचदा हृदय थांबूनच, कारण बाकीच्या स्नायूंनी रक्ताची घडीच विस्कटलेली असते.

तो तरुण कशामुळे वाचला हेही यातून कळतं. हॅलोथेन बंद केल्यावर ते श्वासावाटे बाहेर जाऊ लागलं, कॅल्शियमच्या वाहिन्यांवरचा त्याचा प्रभाव उतरला. बर्फानं तापमान रोखून धरलं. औषध आणखी बराच वेळ चालू राहिलं असतं तर एवढ्यानं भागलं नसतं.

वाहिनी मिटवणारं औषध

त्या काळी अशा झटक्यात दहातले सात-आठ रुग्ण दगावत. चित्र पालटलं ते डॅन्ट्रोलीनमुळे. हे औषध १९६७ मध्ये बनवलं गेलं आणि आधी मज्जासंस्थेच्या आजारांत आखडलेल्या स्नायूंसाठी वापरात आलं. १९७५ मध्ये केप टाउनच्या गेसफर्ड हॅरिसन यांनी ते दोष असलेल्या डुकरांना दिलं आणि झटका उलटवता येतो हे दाखवलं. १९७९ मध्ये शिरेतून देण्याच्या रूपाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते रायनोडिन रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि कॅल्शियमची गळती कमी करतं. धाग्यांना ते हात लावत नाही, मज्जातंतूंच्या संदेशालाही नाही. हृदयातल्या प्रकारावर त्याचा परिणाम नगण्य असतो, त्यामुळे हृदयाचं आकुंचन चालू राहतं. साखळीतली दोषी पायरी ओळखून फक्त तिथेच घाव घालणारं इतकं नेमकं औषध वैद्यकात विरळा आहे. आज वेळेत निदान आणि डॅन्ट्रोलीन मिळालं तर मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहतं.

त्याची एक अडचण मात्र अगदी व्यावहारिक आहे. ते पाण्यात सहजी विरघळत नाही. जुन्या प्रकारच्या कुपीत २० मिलिग्रॅम पूड असते आणि तिच्यासाठी ६० मिलिलिटर पाणी लागतं. पहिली मात्रा दर किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १७५ मिलिग्रॅम, म्हणजे नऊ कुप्या, तीही झटपट. त्यामुळे झटका आला की दोघा-तिघांना दुसरं काही न करता कुप्या हलवत बसावं लागतं. २०१४ मध्ये अमेरिकेत आलेल्या नव्या रूपात २५० मिलिग्रॅम औषध अवघ्या पाच मिलिलिटर पाण्यात तयार होतं.

नातेवाइकांचं काय

मेलबर्नच्या त्या तरुणाला पुढे मूत्रमार्गातल्या खड्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वेळी पाठीच्या कण्यातून भूल दिली गेली आणि काहीही झालं नाही. कण्यातून दिलेलं औषध मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाहिन्या अडवतं, रायनोडिन रिसेप्टरशी त्याचा संबंध येत नाही. घातक ठरतात ती हुंगवून द्यायची औषधं, म्हणजे हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन, डेसफ्लुरेन, आणि स्नायू ढिले करण्यासाठीचं सक्सिनिलकोलीन. प्रोपोफॉल, नायट्रस ऑक्साइड आणि स्थानिक भुलेची औषधं अशा रुग्णांना चालतात.

दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून एक रुग्ण सापडला की त्याच्या रक्ताच्या नात्यातल्यांची तपासणी करावी लागते. जनुकातला बदल ओळखीचा असेल तर रक्ताची चाचणी पुरते. नसेल तर मांडीच्या स्नायूचा ताजा तुकडा काढून, तो जिवंत आहे तोवर काही तासांत, कॅफीन आणि हॅलोथेनच्या वाढत्या मात्रेत ठेवतात. युरोपीय पद्धतीत २ मिलिमोलर किंवा त्याहून कमी कॅफीनला त्यानं किमान २ मिलिन्यूटन ओढ दाखवली तर ती खूण ठरते. हॅलोथेनसाठीही अशीच मर्यादा ठरलेली आहे. आधीची भूल निर्विघ्न पार पडली होती यावर मात्र विसंबून राहता येत नाही. एखाद्याला दोन-तीनदा काहीच न होता पुढच्या खेपेला झटका येऊ शकतो, त्यामुळे भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत रुग्णाचा स्वतःचा अनुभव विचारून झाल्यावरही घरात कुणाला भुलेत त्रास झाला होता का, हे वेगळं विचारतात.